जुन्या पिकअपला घरी रंग देताना



दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे हे दृश्य हमखास दिसतं. अंगणात जुनी पिकअप उभी, शेजारी रंगाचा डबा आणि भोवती घरातली सगळी पोरं. आमच्याकडेही तसंच झालं. थोरल्या भावाची भाजीपाला वाहायची निळी पिकअप, बॉनेट आणि टप पार पांढुरके पडलेले. आम्ही एका दिवसात वरून इनॅमल फासलं आणि खूश झालो. पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटले. रंग चांगल्या दुकानातला होता हो, पण खालचा पत्रा आम्ही नीट धुतलासुद्धा नव्हता!

रंग उडतो म्हणजे काय होतं? रंगाचे कण धरून ठेवणारं एक द्रव्य असतं. उन्हातले अतिनील किरण ते हळूहळू मोडतात आणि कण सुटे होतात. बॉनेटवर बोट फिरवून बघा, फळा पुसल्यावर लागते तशी भुकटी हाताला लागते. नंबरप्लेटमागे ऊन पोचत नाही, तिथे मूळ रंग जवळजवळ तसाच सापडतो. (हे वर्गातल्या मुलांना जरूर दाखवा.)

म्हणून आधी एका कोपऱ्यात रबिंग कंपाउंड घासा. चकाकी परत आली तर रंगाचा खर्चच वाचला. वरचा पारदर्शक थर सोलल्यासारखा निघत असेल, तर मात्र घासून उपयोग नाही.

रंग द्यायचाच ठरला तर निम्म्याहून जास्त वेळ तयारीला जातो. डिझेल, ग्रीस, मेणाचं पॉलिश पूर्ण काढायचं. तेलकटपणा राहिला की ओल्या रंगात बारीक गोल खड्डे पडतात. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, कारण वरून रंग दिला तरी तो आत वाढतच राहतो. उघड्या पत्र्यावर प्रायमर, खड्ड्यात पुट्टी, मग 400 आणि शेवटी 600-800 नंबरचा पॉलिश पेपर, पाणी लावून.

पाणी कशाला, तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2017 पासून लागू झाला, पण तो घराच्या रंगांपुरता. गाडीवरच्या जुन्या थराची खात्री कोण देणार? कोरडं घासलं की धूळ अंगणभर उडते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक. तेव्हा घासताना मुलं घरात, आणि कामाचे कपडे वेगळे धुवायचे. इथे मी अजिबात तडजोड करत नाही.

कोणता रंग? हार्डनर मिसळायचा पीयू रंग सगळ्यात टिकाऊ, पण फवारताना त्यातली आयसोसायनेट श्वासात जाऊन कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काहीच अडवत नाही. तो रंग गॅरेजवाल्याकडेच द्या. घरी एनसी रंग झेपतो, उन्हात तो लवकर निस्तेज होतो तरी. मात्र थिनरची वाफ पेटते आणि जमिनीलगत पसरते, म्हणून चूल, बिडी लांब. कार्बनचा मास्क लावायचा आणि काम उघड्यावर करायचं. आणखी एक, इनॅमलवर एनसी मारला की खालचा थर सुरकुततो. म्हणून आम्हाला आमचंच इनॅमल खरवडून काढावं लागलं, त्यात चार दिवस गेले.

दमट हवेत एनसी रंगावर दुधाळ झाक येते. त्यामुळे पाऊस पूर्ण सरल्यावरच, कोरड्या दिवशी, सावलीत काम करा. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत सुकतो आणि खरखरीत होतो. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन हात द्या, नाहीतर ओघळ येतात. आमच्या डाव्या दारावर एक आहे अजून.

भावाला या वेळी लालभडक गाडी हवी होती. पण आरसीवर रंगाची नोंद असते, तो बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते. शिवाय लाल रंग उन्हात बऱ्याचदा लवकर उडतो. दोन दिवस तो रुसून बसला, मग निळाच दिला.