नाक्यावरून उठणे : प्रापंचिकाचे पावित्र्य आणि निरासक्ती

हैदराबाद व सिकंदराबाद ह्या जुळ्या शहरांच्या पूर्वभागी, उस्मानिया विद्यापीठास लागून, तारनाका ही वस्ती आहे. तिच्या नावाची एक उपपत्ती लोक सांगतात ती अशी : येथे पूर्वी एक मोठी बाग होती, बागेस तारेचे कुंपण होते आणि कुंपणाशी राखणदारीचा नाका. ही उपपत्ती इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, ह्याचा निर्णय आम्ही जाणकारांवर सोपवितो. परंतु मराठी माणसास ह्या नावातील दोन्ही शब्द आपल्याच घरातले वाटतात, आणि आमच्या प्रस्तुत विषयास ते साजेसेही आहेत. कुंपण म्हणजे 'हे माझे' अशी रेघ. नाका म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यापाशी हिशेब मागण्याची जागा. मनुष्याचे बहुतेक आयुष्य ह्या दोहोंच्या मध्ये जाते. शुभवर्तमानातील मत्तयही एका नाक्यावरच बसलेला होता (मत्तय ९:९). प्रभूची हाक आली तेव्हा तो उठला. हे उठणे म्हणजे काय, आणि ज्याला घरदार, नोकरी व मुलेबाळे आहेत त्याने ते कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

१. एक नेहमीचा प्रश्न

धर्मशिक्षकाचे कार्य करणाऱ्या प्रत्येकास हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो : "पावित्र्य, विरक्ती ह्या गोष्टी फादरांसाठी आणि सिस्टरांसाठी. आम्ही संसारी माणसे. आम्हांला ते कसे जमणार?" तारनाक्याच्या आसपास रेल्वेत, विद्यापीठात, राष्ट्रीय संशोधनसंस्थांत चाकरी करणारी कुटुंबे राहतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्यामुळे मराठी भाषकांचा ह्या नगराशी संबंध जुनाच आहे. अशा कुटुंबांपुढे घराचे कर्ज आहे, मुलांचे शिक्षण आहे, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी आहे. त्यांना आपण प्रवचनातून विरक्ती सांगतो तेव्हा दोहोंपैकी एक घडते. काहींना ती स्वतःवरील ठपका वाटते व ते मनातून खंतावतात. इतरांना ती आपल्यासाठी नाहीच असे वाटते व ते निश्चिंतपणे घरी जातात. दोन्ही प्रकारे शिकवण वाया जाते. दोष ऐकणाऱ्यांचा थोडा आणि आपल्या मांडणीचा अधिक, असे आम्हांस वाटते.

२. ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीचा जो सैद्धान्तिक संविधानग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या पाचव्या प्रकरणात पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे हे निःसंदिग्धपणे मांडले आहे. पावित्र्याच्या दोन प्रती नाहीत, मठवासीयांसाठी उंची आणि संसारी जनांसाठी हलकी. स्नानसंस्काराने जे जीवन लाभते तेच वाढत जाऊन पावित्र्यास पोहोचते. विवाहित, विधवा, श्रमिक, रुग्ण ह्या प्रत्येकाची वाट त्याच्या अवस्थेतूनच जाते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१८ साली काढलेल्या पावित्र्यविषयक प्रेषितीय बोधपत्रात हाच विचार साध्या गृहस्थजीवनाच्या उदाहरणांनी पुढे नेला.

मग निरासक्ती म्हणजे काय? 'विरक्ती' हा शब्द उच्चारताच आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे घर सोडून निघालेला मनुष्य उभा राहतो. वास्तविक महाराष्ट्रातील संतपरंपरेतही एकनाथांसारखे गृहस्थाश्रमी आहेतच. ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभ तर निर्मिती चांगली आहे ह्या साक्षीने होतो (उत्पत्ती १). वस्तू वाईट म्हणून त्या सोडायच्या नाहीत. वस्तू चांगली आहे, परंतु ती देव नाही. तिच्यावरील प्रेमाला तिच्या योग्यतेची जागा द्यायची, एवढेच. म्हणून निरासक्तीचा संबंध हातापेक्षा मुठीशी अधिक आहे. हात भरलेला असून मूठ उघडी असू शकते. हात रिकामा असून मूठ आवळलेलीही असू शकते.

प्रभूने सर्वांकडे एकच मागणी केली नाही, हे येथे ध्यानी घ्यावे. धनवान तरुणास त्याने सर्व काही विकावयास सांगितले (मार्क १०). जक्कयाने अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस देऊ केली, लुबाडलेले चौपट परत करू म्हटले, आणि तेवढ्यावर त्याच्या घरी तारण आले (लूक १९). मार्था व मरिया ह्यांना घर सोडावयास सांगितले नाही. तो स्वतःच त्यांच्या घरी उतरला. मागणी वेगवेगळी, परंतु कसोटी एक : हाक आली असता ही व्यक्ती उठू शकते काय?

३. वसईचा व्यापारी

ह्या कसोटीचे उदाहरण आपणांस दूर शोधावे लागत नाही. संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई येथे झाला. परंपरेनुसार वडील पोर्तुगीज व आई एतद्देशीय. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली व काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा होती. ती पुरी झाली नाही. तेव्हा ते व्यापारात शिरले, आणि त्यात त्यांना उत्तम यशही आले.

पुढे त्यांनी हा चालता व्यापार सोडला व मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता ह्यांच्या शिष्टमंडळाबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. १५९६ च्या अखेरीस छळास आरंभ झाला. बंदी केलेल्यांना कडाक्याच्या थंडीत नागासाकीपर्यंत चालविण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर देण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय होते आणि सतरा प्रापंचिक. १६२७ मध्ये गोन्सालो ह्यांना धन्य म्हणून व ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांच्याकडून संत म्हणून घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

गोन्सालो ह्यांनी व्यापार सोडला, एवढेच आपण बहुधा सांगतो. आमच्या मते त्यांच्या निरासक्तीचे मर्म त्याहून खोल आहे. धन सोडण्यापूर्वीच त्यांना एक अधिक कठीण गोष्ट सोडावी लागली होती, ती म्हणजे देवाची सेवा आपल्याच मनाजोगत्या प्रकारे करण्याची इच्छा. एका संघाचे दार उघडले नाही म्हणून ते कायमचे कडवट झाले नाहीत. दुसऱ्या संघात त्यांनी धर्मगुरुपद नव्हे तर साधे बंधुपद पत्करले. आणि सोडलेल्या आयुष्यातील जे उपयोगी होते, जपानी भाषा व जपानी माणसांची ओळख, ते त्यांनी टाकून दिले नाही. ते प्रभूच्या हाती दिले. शेवटी ज्या टेकडीवर त्यांनी प्राण ठेवला, त्याच टेकडीवर ज्या संघात त्यांना प्रवेश हवा होता त्या संघाचे तिघेजणही क्रुसावर होते. माणसांच्या वाटा वेगळ्या झाल्या तरी देवाच्या घरी त्या एकत्र येतात, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

४. तीन प्रकारची माणसे

संत इग्नाती लोयोला ह्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात एक मनन आहे. तीन प्रकारच्या माणसांना मोठी रक्कम मिळाली आहे, परंतु ती केवळ देवाच्या प्रेमास्तव मिळविलेली नाही, म्हणून मनास शांती नाही. पहिल्यास आसक्ती जावी असे वाटते, परंतु मरेपर्यंत तो उपाय काहीच करीत नाही. दुसऱ्यासही ती जावी असे वाटते, परंतु रक्कम मात्र राहावी. म्हणजे देवानेच त्याच्या इच्छेशी जुळवून घ्यावे. तिसरा रक्कम ठेवण्यास किंवा देण्यास, दोहोंस सारखाच सिद्ध असतो. देवाची सेवा कशाने अधिक होईल एवढेच तो पाहतो.

हे मनन आपल्या लोकांस सहज लावून दाखविता येते. राहण्यास एक घर घेणे ही गरज होय. परंतु शेजाऱ्याने घेतले म्हणून दुसरे घर घ्यायचे, त्याच्या हप्त्यांसाठी रविवारची मिस्सा, मुलांशी बोलणे व दुःखितास भेटणे हे सारे एकेक करून सोडायचे, ही मूठ आवळणे आहे. वसईतील ख्रिस्ती शेतकऱ्यांपुढे जमिनीचा प्रश्न असाच उभा राहिला. तेथे जमीन विकणारा आसक्त की न विकणारा? उत्तर वरवर देता येत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली तेव्हा जमीन, पाणी व झाडे राखणे हेही पैशाच्या मोहापासूनचे स्वातंत्र्य ठरू शकते, हे दिसून आले. निरासक्त मनुष्य वस्तूंविषयी बेफिकीर नसतो. त्या आपल्यानंतरच्यांसाठीही आहेत, हे जाणून तो त्यांची राखण करतो.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. निरासक्तीची शिकवण दरिद्र्याच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी कधीही वापरू नये. ज्याला घामाचे दाम मिळत नाहीत त्याला 'पैशाचा लोभ धरू नकोस' असे सांगणे हा उपदेश नव्हे, अन्याय आहे. अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे संत याकोब बजावतात (याकोब ५:४). तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या धर्मशिक्षकास त्यागाचे महत्त्व सांगण्यापूर्वी धर्मग्रामाने आपली हिशेबाची वही उघडून पाहावी. त्याग ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या त्यागास वेगळे नाव आहे.

५. आपल्या स्वतःविषयी

आम्हां धर्मगुरूंची व धर्मशिक्षकांची कुंपणे तारेची नसतात, म्हणून ती दिसत नाहीत. 'माझे धर्मग्राम', 'मी बांधलेली शाळा', 'मी तयार केलेला गायकवृंद' असे शब्द तोंडी येऊ लागले की कुंपण पडले असे समजावे. बदलीचे पत्र येते तो दिवस आमच्या निरासक्तीच्या परीक्षेचा असतो. नव्याने आलेल्याने आमची पद्धत बदलली असता आम्ही आनंदाने वाट करून देतो काय? धर्मशिक्षकाने ज्या मुलांना वर्षानुवर्षे शिकविले, त्यांनी पुढे त्याची आठवणही ठेवली नाही, तरी तो तेवढ्याच प्रेमाने पुढील वर्ग घेतो काय? संत योहान ऑफ द क्रॉस ह्यांनी म्हटल्याप्रमाणे पक्षी बारीक दोऱ्याने बांधलेला असो की जाड दोराने, तो तुटेपर्यंत उडता येत नाही. आमचे दोरे बहुधा बारीकच असतात.

उपाय जुनेच आहेत, आणि ते सर्वांना करता येण्यासारखे आहेत. रोज निजण्यापूर्वी थोडा वेळ आत्मपरीक्षण करावे. 'आज कशासाठी माझी शांती ढळली?' एवढा एकच प्रश्न पुष्कळ शिकवितो, कारण शांती जेथे ढळते तेथे मूठ आवळलेली सापडते. प्रायश्चित्त संस्कार नियमित घ्यावा. कुटुंबाने महिन्याच्या मिळकतीतून दान प्रथम काढावे. उरले तर देऊ, असे म्हणू नये. हे दान मुलांच्या देखत काढावे. आठवड्यातील एक सायंकाळ कोणत्याही मोबदल्याविना कोणासाठी तरी राखावी. सर्वांत मुख्य म्हणजे मिस्साबलीत भाकर व द्राक्षारस वर उचलले जातात तेव्हा आपणही आपला आठवडा, आपली नोकरी, आपले घर त्यांच्याबरोबर मनाने वेदीवर ठेवावे. ते आपणांस परत मिळते, परंतु आता ते आपले म्हणून नव्हे, तर सोपविलेले म्हणून.

मत्तय नाक्यावरून उठला, परंतु त्याच्या घरी पंगत बसली आणि प्रभू तीत जेवला, हे आपण विसरतो. उठणे म्हणजे घर ओस पाडणे नव्हे. कुंपणाचे फाटक उघडे ठेवणे, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांकडून मागितले आहे. तेवढे आपण स्वतः करू लागलो, तर आपल्या लोकांस विरक्तीवर निराळे प्रवचन देण्याची गरज फारशी उरणार नाही.