धृपदात सगळ्यांना जागा

संत जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. संत नामदेवांचे गाव मानले जाणारे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात असले, तरी १ मे १९९९ पर्यंत तेही परभणी जिल्ह्यातच होते. दोघांना होऊन साडेसहाशेहून अधिक वर्षे लोटली. त्यांचे अभंग वह्या-पोथ्यांनी सांभाळले, हे खरे. पण ते आमच्या ओठांवर कसे राहिले, असे कुणी विचारले, तर मी गावच्या मारुतीसमोर बसणाऱ्या एकादशीच्या भजनाकडे बोट दाखवीन.

मैफलीत गाणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. इथे सतरंजी अंथरली की जो येईल तो बसतो, टाळ हाती घेतो. पखवाजाला कणीक लागते, पेटीवाला सूर धरतो, नामगजर होतो, मग रूपाचे अभंग. एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी धृपद उचलायचे. गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात मी असाच बसलो होतो. दिवसभर रानात राबून आलेल्या एका आजोबांचा सूर भलतीकडेच जाई. धृपदात मात्र तो सर्वांत मिसळून जाई. एक पोरगा टाळ चुकवीत होता. कुणी रागावले नाही. शेजारच्याने आपला टाळ त्याला दिसेल असा पुढे धरला, एवढेच. तासाभराने पोरगा ठेक्यात आला होता.

सातासमुद्रापलीकडे मिसिसिपीच्या खोऱ्यात कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांनीही एकाने हाक द्यावी, बाकीच्यांनी ओ द्यावी, अशीच गाणी गायिली. त्यांच्यातूनच पुढे ब्लूज घडले. त्याचे चाहते आजही गिटार घेऊन कोंडाळे करून बसतात आणि पाळीपाळीने कडवी गातात. कापूस आणि कष्ट परभणीलाही नवे नाहीत.

पण गाणे असे आपोआप टिकत नाही. जनाबाईच्या अभंगांत दळण-कांडण आहे. आमच्या आज्या पहाटे जात्यावर ओव्या गात. पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि ओवीही मुकी झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या निदान उरल्या. तरी जपून ठेवलेली ओवी वेगळी आणि गळ्यातली ओवी वेगळी.

भजनावरही आता तीच वेळ येऊ पाहते आहे. मोबाइलमध्ये नामवंतांचे अभंग हवे तेव्हा ऐकता येतात; मग आपला भसाडा आवाज कशाला, असे वाटू लागते. तरणी मुले पुण्या-मुंबईला जातात आणि एखाद्या गावात पखवाजावर चालणारे एकच म्हातारे हात उरतात. बायकांचे भजन तर अनेक ठिकाणी दुपारीच, वेगळे होते. जनाबाईच्या जिल्ह्यात रात्रीच्या फडात त्यांना जागा का असू नये?

उत्तम गाणारे नेहमीच मिळतील. अडते ते धृपद धरणाऱ्यांवाचून. येत्या एकादशीला मुलाबाळांना घेऊन जवळच्या भजनात जाऊन बसा. गळा नाही म्हणून लाजू नका. कुणीतरी टाळ पुढे करीलच.