पदवी तिकडची, तारण इकडचे

परदेशी जाणारा विद्यार्थी विद्यापीठ निवडतो, असा आपला समज आहे. वस्तुतः तो बहुधा देश निवडतो. आणि पाहतो ते तेथील ग्रंथालय नव्हे, तर पदवीनंतर नोकरीसाठी किती काळ राहू देतात, हे. ब्रिटनने २०२१ मध्ये अशी दोन वर्षांची मुभा देताच आपल्या विद्यार्थ्यांचा ओढा तिकडे वाढला. जानेवारी २०२४ पासून तेथील बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबीय सोबत नेण्यास मनाई झाली. त्याच महिन्यात कॅनडाने अभ्यास-परवान्यांवर मर्यादा घातली, आणि निर्वाहासाठी दाखवावयाची रक्कम १०,००० डॉलरांवरून २०,६३५ वर नेली.

त्या देशांना दोष देण्याचे कारण नाही. घरटंचाई त्यांची, मतदारही त्यांचेच. प्रश्न जोखमीचा आहे. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला आपल्या सरकारी बँका साधारणतः तारण मागतात, आणि मध्यमवर्गीयापाशी तारण म्हणून असते ते राहते घर. कर्ज रुपयांत, शुल्क डॉलरांत आणि परतफेडीची भिस्त परक्या सरकारच्या परिपत्रकावर! याला गुंतवणूक म्हणण्यापेक्षा वायदेबाजार म्हणणे अधिक सयुक्तिक.

१९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. पैशाची जोखीम तेव्हा संस्थानने पत्करली होती. आज महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील मोजक्या विद्यार्थ्यांना ती सोय देते. बाकीच्या बहुतेकांच्या वाट्याला गहाणखतच येते.