परदेशचा पैसा आणि नवी पेढी

शिकागोहून धंतोलीस पैसे आले, असे घरोघर सहज म्हटले जाते; परंतु त्या व्यवहारात पैसा मुळी जागचा हललेला नसतो. शिकागोच्या एका बँकेत एका खात्यावर रक्कम नावे पडते, नागपूरच्या एका बँकेत दुसऱ्या खात्यावर ती जमा होते, आणि ह्या दोन नोंदींच्या मध्ये ज्यांच्या वह्या असतील त्यांच्यात परस्पर देणे-घेणे उरते. डॉलर अमेरिकेत राहतो, रुपया भारतात राहतो. सीमा ओलांडतो तो निव्वळ निरोप. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत ह्या कामासाठी ज्या नव्या कंपन्या निघाल्या, ज्यांना स्टार्टअप असे नाव रूढ झाले आहे, त्या वाढतात कशा आणि त्यांच्यात भांडवलवाले कोट्यवधी डॉलर का ओततात, हे कोडे उलगडू लागते. निरोप पोहोचविण्यास खर्च तो किती? मग एवढे भांडवल हवे कशाला?

नागपूरकरांस निरोपावर पैसा देण्याची रीत अपरिचित नाही. कस्तुरचंद पार्कास ज्यांचे नाव आहे त्या सर कस्तुरचंद डागा यांची बन्सीलाल अबीरचंद ही पेढी सावकारीसाठी ह्या प्रांतात प्रसिद्ध होती, आणि सावकारी म्हटली की हुंडी आलीच. एका शहरात पैसे भरावे, चिठ्ठी घ्यावी, दुसऱ्या शहरी आडत्याने ती सकारावी. दर्शनी हुंडी दाखविताच सकारावी लागे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहासच मिळत, म्हणून ती वाटेत चोरीस गेली तरी चोराच्या हाती कागदापलीकडे काही लागत नसे. ह्या साऱ्या कारभाराच्या तळाशी होते ते सावकाराचे स्वतःचे द्रव्य आणि दोन-तीन पिढ्यांत कमावलेली पत. त्या सेवेबद्दल सावकार घेई ती हुंडणावळ. हा शब्द आता कानी पडेनासा झाला असला, तरी ती वस्तू मात्र जशीच्या तशी शिल्लक आहे, आणि ती कोठे दडून बसली आहे हे पाहण्यासारखे आहे.

धंतोली ही वकील-डॉक्टरांची वस्ती. तेथील एखादी तरुणी घरी बसून शिकागोच्या एका व्यापारी संस्थेची जमाखर्चाची कामे करते आणि महिन्यास 1,000 डॉलरचे बिल पाठविते, असे समजू. बाजारातील खरा भाव डॉलरला 85 रुपये धरला, तर तिच्या पदरी 85,000 रुपये पडावयास हवेत. परंतु शिकागोची बँक आणि नागपूरची बँक यांचा एकमेकींकडे थेट हिशेब बहुधा नसतो. मध्ये तिसरी, क्वचित चौथी बँक असते. त्या मधल्या बँकेने 20 डॉलर कापले, आणि उरलेल्या 980 डॉलरांस शेवटच्या बँकेने 83.50 रुपयांचा भाव दिला, तर हाती येतात 81,830 रुपये. तूट 3,170 रुपयांची. ह्यातील 20 डॉलर, म्हणजे 1,700 रुपये, कोठेतरी लिहिलेले सापडतात. राहिलेले 1,470 रुपये मात्र पावतीवर शुल्क म्हणून दिसत नाहीत. ते भावातच मुरलेले असतात. हीच ती जुनी हुंडणावळ! सावकार ती निदान तोंडाने सांगून घेत असे.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे 2023-24 साली परदेशांतून भारतात सुमारे 118.7 अब्ज डॉलर घरोघरी आले, आणि त्यांत 20.5 टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा होता, केरळचा 19.7 टक्के. केरळ हा परदेशी कमाईचा प्रांत अशी जी समजूत आहे, ती आकड्यांनी मागे पडली आहे. अशा पैशावरील खर्च 2030 पर्यंत शेकडा तीनच्या खाली आणावा, असा संकल्प संयुक्त राष्ट्रांनी केलेला आहे. प्रत्यक्षात जगाची सरासरी अजून त्याच्या दुपटीच्या आसपास रेंगाळते.

बँकांची ही साखळी कोणा लोभी मनुष्याने मुद्दाम रचलेली नव्हे. 1973 साली 15 देशांतील 239 बँकांनी मिळून ब्रसेल्स येथे स्विफ्ट ही संस्था काढली. ती पैसे पाठवीत नाही. बँकांचे निरोप बिनचूक आणि सुरक्षित पोहोचविते. पैशाची फेड पुन्हा बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांतूनच व्हावयाची. अशी खाती जगभर ठेवणे मोठ्या बँकांनाच परवडते, म्हणून लहानांनी मोठ्यांच्या दारातून जावयाचे आणि प्रत्येक दारी काहीतरी ठेवावयाचे.

ह्या दारांना वळसा घालता येईल, हे 2011 साली लंडनमध्ये राहणाऱ्या दोघा एस्टोनियन मित्रांनी दाखवून दिले. टावेत हिन्रिकुस यास पगार युरोत मिळे आणि खर्च पौंडांत करावा लागे. क्रिस्तो केरमान यास पगार पौंडांत मिळे, पण मायदेशी घराचे कर्ज युरोत फेडावे लागे. एकाने दुसऱ्याचे युरो भरावे, दुसऱ्याने पहिल्यास पौंड द्यावे, भाव त्या दिवशीचा खरा. बँकेचे काम उरलेच नाही. दोघांत जमले ते हजारोंत का जमू नये, ह्या विचारातून ट्रान्सफरवाइज निघाली. 2021 पासून तिचे नाव नुसते वाइज आहे. एका दिशेने जाणारा पैसा दुसऱ्या दिशेने येणाऱ्या पैशाशी वजा घालावयाचा आणि उरेल तेवढाच बँकेतून पाठवावयाचा, हे तिचे मूळ तत्त्व.

हिशेब इतका सोपा, तर भांडवलाची जरूर का पडली? कारण हाच हिशेब परवान्यावाचून केला, तर त्याला हवाला म्हणतात. धंतोलीच्या एकाच गल्लीत एका घरी मुलाचे डॉलर शिकागोहून येत असतील, आणि शेजारच्या घरून मुलीच्या शिक्षणाची फी शिकागोस जात असेल. दोन्ही घरांनी आपापसांत रुपये देऊन मोकळे व्हावे, तिकडे मुलाने मुलीची फी भरावी, ही युक्ती कोणासही सुचेल. परंतु 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली ती चालत नाही. केवळ सरकारला कर हवा म्हणून नव्हे. पैसा कोणाचा आणि कशासाठी आला ह्याचा माग तेथे पुसला जातो, आणि त्याच वाटेने लाचेचा व घातपाताचाही पैसा जातो. तेव्हा नव्या कंपनीने उभारावयाचे असते ते नवे गणित नव्हे. जुन्या गणिताला लागणारी अधिकृत पत. ही पत विकत घ्यावी लागते, आणि ती महाग आहे.

देशोदेशी निराळा परवाना लागतो. अमेरिकेत तर बहुतेक प्रत्येक राज्याचा वेगळा. प्रत्येक गिऱ्हाइकाची ओळख पटवावी लागते, संशयास्पद रकमा रोखाव्या लागतात, त्यासाठी माणसे आणि यंत्रे पदरी बाळगावी लागतात. शिवाय शनिवारी रात्री पैसे पाठविणाऱ्यास तत्काळ पोच हवी असते आणि बँका सोमवारी उघडतात. तोवर कंपनीने आपल्या पदरचे रुपये पुढे करावयाचे. हा सारा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो, मिळकत मात्र एका व्यवहारामागे शेकड्यास एकाहूनही कमी. म्हणून कर्ज काढून हा धंदा उभा राहत नाही. तोट्याची वर्षे सोसणारा भागीदारच लागतो.

असा भागीदार कंपनीचे भाग घेऊन फेरीफेरीने पैसा घालतो. वाइजला 2012 साली 13 लाख डॉलर मिळाले, 2013 साली पीटर थील यांच्या वॅलर व्हेंचर्सच्या पुढाकाराने 60 लाख, 2014 साली अडीच कोटी, आणि 2015 च्या जानेवारीत 5 कोटी 80 लाख. दर फेरीस संस्थापकांच्या मालकीचा थोडा अंश बाहेर जातो. उरलेल्या अंशाची किंमत वाढेल ह्या आशेवर तो सौदा होतो. वाइजच्या बाबतीत ती आशा फळली. 2017 पासून ती नफ्यात आली, आणि 7 जुलै 2021 रोजी लंडनच्या शेअरबाजारात तिचे भाग खुले झाले तेव्हा तिची किंमत सुमारे 8 अब्ज पौंड धरली गेली. मार्च 2025 अखेरच्या वर्षी तिच्यामार्फत सुमारे 145 अब्ज पौंड सीमेपार गेले.

भारतातील नव्या पेढ्यांस ही वाट तशीच चोखाळता येत नाही, आणि येथेच मुंबईच्या ब्रिस्कपे ह्या पेढीचे उदाहरण उपयोगी पडते. लहान निर्यातदार आणि धंतोलीच्या त्या तरुणीसारखे स्वतंत्र व्यावसायिक यांचे पैसे आणून देणे हा तिचा व्यवसाय. 2024 च्या जानेवारीत पेयू ह्या कंपनीने तिला 50 लाख डॉलरचे बीजभांडवल दिले. पेयूच्या मागे प्रोसस ही डच गुंतवणूक-कंपनी आहे. त्या वेळच्या भावाने ही रक्कम साधारण 41 कोटी रुपयांची होते. वृत्तपत्री थाटात हा आकडा दांडगा दिसतो. परंतु त्याच्या आधी तीनच महिने, 31 ऑक्टोबर 2023 रोजी, रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून असा व्यवसाय करणाऱ्या बिगर-बँक पेढ्यांवर अट घातली होती की, अर्जाच्या वेळी निव्वळ मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारे स्वतःचे भांडवल, 15 कोटींचे असावे आणि पुढे 31 मार्च 2026 पर्यंत ते 25 कोटींवर न्यावे. एखाद्या पेढीने 41 कोटी उभे केले, तर त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम तिने उधळावयाची नसून राखावयाची आहे. जाहिरातीवर, पगारावर, गिऱ्हाइकांस सवलती देण्यावर खर्चावयास उरतात ते सोळा. भांडवल मिळाले म्हणजे पेढी श्रीमंत झाली असे नव्हे. ती दाराशी उभी राहण्यास पात्र झाली, एवढेच.

त्याच परिपत्रकात आणखी एक कलम आहे, ते ह्याहून मोलाचे. आयातीचे पैसे एका खात्यात आणि निर्यातीचे दुसऱ्या खात्यात ठेवावे, दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये. येणारे जाणाऱ्यांत वजा घालण्याची एस्टोनियन मित्रांची युक्ती येथल्या पेढीस आपल्या घरी करता येत नाही. तिने वाढावे ते संख्येच्या बळावर, स्वस्त आणि उघड दराच्या बळावर.

हा कडकपणा पुष्कळांस जाचतो, आणि तो कधीकधी खरोखरच जाचक ठरला आहे. 2010 च्या फेब्रुवारीत पेपॅलची भारतातील वैयक्तिक देवघेव एकाएकी बंद पडली, तेव्हा कितीतरी होतकरू लोकांचे मेहनतान्याचे पैसे अडकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने नियम केले, पण मर्यादा ठेवली अवघी 500 डॉलर. 2011 साली ती 3,000 झाली, 2013 साली 10,000, आणि 2023 च्या परिपत्रकाने एका वस्तूमागे किंवा सेवेमागे 25 लाख रुपये. तेरा वर्षे गेली ह्या पायऱ्या चढण्यात!

तथापि दुसरी बाजूही आहे. 26 जून 1974 रोजी जर्मनीत कोलोनची हेर्श्टाट बँक सरकारने दिवसअखेरीस बंद केली. ज्यांनी तिला जर्मनीत मार्क देऊन टाकले होते, त्यांचे डॉलर न्यूयॉर्कमध्ये निघावयाचे राहिले, कारण तेथे अजून सकाळ होती. दोन नोंदींच्या मधला तो काही तासांचा काळ, पैसा कोणाचाच नसण्याचा काळ, जगाला तेव्हा प्रथम दिसला. 2024 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील सिनॅप्स ही कंपनी बुडाली. ती परदेशी देवघेव करीत नव्हती. बँका आणि नव्या पेढ्या यांच्या मधला हिशेब ठेवणे हेच तिचे काम होते. वह्यांची रुजुवात लागेना, साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरांचा मेळ बसेना, आणि एक लाखाहून अधिक लोकांची बचत महिनेच्या महिने गोठून राहिली. सिनॅप्समध्येही नामांकित भांडवलवाल्यांचा पैसा होता. गिऱ्हाइकाचा पैसा मात्र कोठे आहे, हे त्यांतल्या कोणासही सांगता आले नाही.

म्हणून धंतोलीच्या त्या तरुणीने पेढी निवडताना तिला किती भांडवल मिळाले हे विचारण्यापेक्षा, डॉलर उतरल्यापासून रुपये जमा होईपर्यंत रक्कम कोणत्या बँकेत आणि कोणत्या नावाच्या खात्यात राहते, हे विचारणे अधिक उपयोगाचे. नियमाप्रमाणे ते परवानाधारक बँकेतील निर्यात-वसुलीचे स्वतंत्र खाते असावे लागते. दुसरे विचारावयाचे ते भावाबद्दल: बाजारभावाहून किती कमी देणार, तो आकडा लेखी द्या. आणि तिसरे, परकीय चलन आल्याचा दाखला प्रत्येक रकमेमागे मिळतो की नाही. हा दाखला नसला, तर तिचे काम निर्यात म्हणून सिद्ध करणे अवघड होते, वस्तू व सेवा कराच्या हिशेबात अडचण येते, आणि भावात वाचविलेले हजार-दीड हजार रुपये सनदी हिशेबनिसाच्या फीत निघून जातात.