'मी कुठं धरलाय?'

अर्धांगवायूनंतर सुरुवातीला हात लुळा असतो. उचलून सोडला की धपकन पडतो. काही आठवड्यांनी बऱ्याच जणांचं उलटंच होतं. कोपर दुमडतं, मनगट वळतं, बोटं तळव्यात रुतू लागतात. हाताला ताकद येतेय म्हणून घरचे खूश. नखं कापायला बसलं की भ्रम फिटतो. आत दबलेला अंगठा बाहेर काढण्यातच पाच मिनिटं जातात. 'बाबा, जरा ढिला सोडा ना!' यावर बाबा वैतागून म्हणतात, 'मी कुठं धरलाय?'

बाबांचं खरंच आहे. स्नायूत ताण ओळखणारे बारीक तंतू असतात. स्नायू ताणला की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि तिथून परस्पर हुकूम सुटतो: आखड. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच वाटेनं. एरवी मेंदूचा या वाटेवर लगाम असतो. मेंदूला इजा झाली की तो सुटतो. 1898 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी मांजरांच्या मेंदूचा वरचा भाग तोडला, तेव्हा त्यांचे पाय ताठ झाले. पायाकडून खबर आणणाऱ्या नसांची मुळं कापताच त्या पायाचा ताठरपणा गेला.

यात खरी गोम वेगाची. 1980 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी या ताठरपणाची व्याख्या केली तीच त्यावर: जितक्या झटक्यानं ताणाल तितका स्नायू अडेल. म्हणून सदऱ्याची बाही घाईनं ओढली की हात आणखी आवळतो, सावकाश सरकवली की पुष्कळदा जाते. जोर लावून हात 'मोकळा' करणारे मालीशवाले नेमकं उलटं करतात. पार्किन्सनचा ताठरपणा वेगळा. हळू हलवा की जोरात, विरोध साधारण तेवढाच.

ताठरपणा एकाएकी वाढला तर आधी तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, मांसात रुतलेलं नख शोधावं. शरीराची कुरबूर अशीही बाहेर पडते. औषधांत बॅक्लोफेन आहे. मुळात फेफऱ्यासाठी बनवलेलं, उपयोगी पडलं इथं. ते मनानं एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. दुसरं बोट्युलिनम, बिघडलेल्या डबाबंद अन्नातलं जहर. त्याची सुई स्नायूत दिली की साधारण तीन महिने पकड सैल राहते. मात्र सगळंच सैल करायचं नसतं. अशक्त पाय कधीकधी ताठ असतो म्हणूनच अंगाचा भार पेलतो.

आणि हीच बोटं उघडेनात म्हणून घर हैराण असताना बाबांना मोठी जांभई येते. काही रुग्णांत तेव्हा तो निकामी हात आपसूक वर उचलला जातो. जांभई सरते, हात खाली.