विश्लेषण : पात्राचे वय १८ की ५०? फाशांच्या खेळातला पहिला सौदा

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुले तळघरात टेबलाभोवती बसून जो खेळ खेळतात, तो ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे आणि निकाल फाशांवर सोडायचा. पात्र तयार करताना वयही ठरवावे लागते. नवखे खेळाडू सहसा डोळे मिटून २० लिहून टाकतात.

वयाने फरक काय पडतो?

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वयही फासे टाकून ठरवता येत असे. माणूस १५ व्या वर्षी सज्ञान. पुढे चोर व्हायला १ ते ४ वर्षे, अभ्यासू जादूगार व्हायला २ ते १२. पस्तिशी गाठली की ताकद, चपळाई आणि काटकपणा एकेक गुणाने कमी, बुद्धी आणि शहाणपण एकेक गुणाने जास्त. (शहाणपण इतके हमखास फक्त खेळातच मिळते!) २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही बेरीज-वजाबाकी राहिली नाही. ‘कॉल ऑफ कथुलू’च्या सातव्या आवृत्तीत मात्र हिशेब कडक आहे. चाळिशीत शरीराचे ५ गुण जातात, सत्तरीत थेट ४०. मोबदल्यात शिक्षण वाढवण्याची संधी.

सर्वात मजेशीर नियम १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’चा. पात्र १८ व्या वर्षी नौदलात, लष्करात किंवा व्यापारी जहाजावर लागते. चार वर्षांच्या प्रत्येक खेपेत नवी कौशल्ये मिळतात, पण जिवंत राहण्यासाठीही फासे टाकावे लागतात. ते उलटे पडले, तर खेळ सुरू होण्याआधीच पात्र संपले! ३४ पासून शरीर झिजू लागते. तरीही ‘आणखी एकच खेप’ हा मोह सुटत नाही.

मग किती ठेवावे?

आधी सोबतचे खेळाडू काय घेत आहेत ते विचारा. चार षोडशवर्षीयांत एक साठीचे आजोबा चालतात, पण मग त्यांना प्रत्येक बैठकीत फक्त सल्लागार करून बसवू नका. सतरा वर्षांच्या पात्राला चुका शोभतात, त्याचे पूर्वायुष्य दोन ओळींत मावते. पन्नाशीच्या पात्रामागे घर, कर्ज, मुले असणार. ते सगळे टाकून हा माणूस तलवार घेऊन का निघाला, याचे उत्तर पहिल्या बैठकीआधी तयार ठेवा. खेळ चालवणारा ते कधी ना कधी विचारतोच.