पट्टेरी लोच एकटा आणू नका

बोटिया स्ट्रायाटा, म्हणजेच पट्टेरी लोच, हा आपल्याच पश्चिम घाटातला, कृष्णा खोऱ्यातल्या नद्यांचा मासा. १९२० साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. आज तो आययूसीएनच्या यादीत ‘संकटग्रस्त’ आहे. म्हणून घेताना मासे नदीतून उपसलेले तर नाहीत ना, हे दुकानदाराला आधी विचारा.

लांबी जेमतेम ८ सेंटिमीटर, पण जीव थव्यात रमणारा. एकटा आणला तर दगडाआड दडून बसतो, खाणंही टाकतो. पाच-सहा तरी हवेतच, आणि टाकी तीन फुटी. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू घाला. तो मिशांनी तळ चाचपत अन्न शोधतो आणि धारदार खडीने त्या झिजतात. संध्याकाळी दिवा मंद करून बारकीशी गोगलगाय टाकली की सगळे तिच्याभोवती जमतात. काचेजवळ कान नेला तर कधी कधी त्यांची टक्-टक्‌ही ऐकू येते. फार गोड दृश्य!

दुपारी एखादा कुशीवर पडलेला दिसला तर घाबरू नका, बहुधा झोपलेला असतो. डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो, त्यामुळे पकडायला वाडगा बरा. खवले अगदी बारीक असल्याने औषधं त्याला लवकर बाधतात. अर्ध्या मात्रेनेच सुरुवात करा.